पोटाची शस्त्रक्रिया आणि भुकेचें वाङ्मय

स्थूल मनुष्य हा आमच्या वाङ्मयांत बहुधा हंसण्यासाठींच जन्मास येतो. नाटकांतला लंबोदर शेटजी, प्रहसनांतला खादाड भटजी, विनोदी गोष्टींतल्या खुर्चींत न मावणाऱ्या मावशी, हीं पात्रें रंगभूमीवर आलीं कीं त्यांनीं तोंड उघडण्यापूर्वींच प्रेक्षागृहांत खसखस पिकते. त्या देहाच्या आंत बसलेल्या माणसाला काय वाटत असेल, हा प्रश्न लेखकाला पडत नाहीं आणि वाचकालाही पडत नाहीं. आम्हीही त्या हंसणाऱ्यांपैकींच आहों. म्हणून ज्या दोन पुस्तकांविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे, तीं हातीं घेतांना आमच्या मनांत कुतूहलाहून अधिक कांहीं नव्हतें. तीं खालीं ठेवतांना मात्र आम्हांस थोडी शरम वाटली. ती कां वाटली हें सांगणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय आहे वजन उतरविण्यासाठीं करण्यांत येणाऱ्या जठराच्या शस्त्रक्रियेचा. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो ह्या दोघांनीं १९६६ सालीं जठराचा मोठा भाग वगळून अन्न पुढें वळविण्याची शस्त्रक्रिया प्रथम केली. हीच 'गॅस्ट्रिक बायपास'. आज तिचा जो प्रकार रूढ आहे त्यांत जठराच्या वरच्या टोंकाशीं एक लहानशी पिशवी वेगळी करून तिला लहान आंतड्याचा पुढचा भाग जोडतात. दुसरा प्रकार 'स्लीव्ह' ह्या नांवाचा. त्यांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात, आणि मागें उरते ती सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी. दोहोंचा परिणाम असा कीं चार घांसांत पोट भरतें. शिवाय जठरांतून व आंतड्यांतून मेंदूकडे जाणारे भुकेचे रासायनिक निरोपही बदलतात. हा उपाय खोटा नव्हे. स्वीडनमध्यें १९८७ पासून सुमारें चार हजार स्थूल व्यक्तींचा जो दीर्घ मागोवा घेण्यांत आला, त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांचें वजन पुष्कळ वर्षें उतरलेलें राहिलें, आणि त्यांच्यांतील मृत्यूंचें प्रमाणही इतरांहून कमी भरलें. वैद्यकाचें म्हणणें इतकें स्पष्ट आहे. परंतु पोट लहान झाल्यावर त्या माणसाच्या भुकेचें काय होतें, हें विचारावयाचें तर साहित्याकडेच वळावें लागतें.

पहिलें पुस्तक शस्त्रवैद्याचें आहे. डॉ. अतुल गावंडे हें नांव मराठी वाचकांस परकें वाटूं नये. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यांतील उटी गांवचे, आणि अमेरिकेंत स्थायिक होऊन तेही शस्त्रवैद्यच झाले. 'द मॅन हू कुडन्ट स्टॉप ईटिंग' हा गावंडे यांचा निबंध २००१ सालीं 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकांत आला आणि २००२ सालीं 'कॉम्प्लिकेशन्स' ह्या त्यांच्या पुस्तकांत समाविष्ट झाला. निबंधाचा नायक ५४ वर्षांचा, रस्तेबांधणीचीं कामें घेणारा एक इटालियन कुळांतला कंत्राटदार आहे. वजन ४२८ पौंड, म्हणजे सुमारें १९४ किलो. घराबाहेर पडणें जवळजवळ बंद झालेलें, धंदा हातचा जाऊं लागलेला. १९९९ च्या सप्टेंबरांत त्याच्यावर बायपास करण्यांत आली. त्या वेळीं गावंडे शिकाऊ शस्त्रवैद्य म्हणून मेजापाशीं उभे होते.

ह्या निबंधाचें मोल त्याच्या प्रारंभींच कळून येतें. एरवीं शस्त्रक्रिया कांहींतरी रोगट काढून टाकते किंवा मोडलेलें सांधते. ही शस्त्रक्रिया तसें कांहींच करीत नाहीं. ती माणसाच्या इच्छाशक्तीवर लगाम घालण्यासाठीं त्याच्या निरोगी अवयवांची मोडजोड करते, ही गोष्ट गावंडे आरंभींच कबूल करतात. स्वतःच्या धंद्याविषयीं इतक्या मोकळेपणानें बोलणारा वैद्य विरळा. शिवाय ते टांके घालून मोकळे होत नाहींत. रोगी घरीं गेल्यावर त्याचें काय होतें, त्याचें वजन कसें उतरतें, पूर्वींचें ताट डोळ्यांसमोर असतांना हात कां थांबतो, हें ते पुढें कित्येक महिने विचारीत राहतात. हा हात कोणीं थांबविला, शस्त्रानें कीं त्या माणसाच्या स्वतःच्या निश्चयानें, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें सोयीस्कर उत्तर देऊन ते वाचकाची सुटका करीत नाहींत.

तथापि ह्या निबंधाची एक मर्यादा आम्हांस जाणवली, आणि ती लेखकाच्या उणेपणाची नसून त्याच्या आसनाची आहे. रोग्याची गुप्तता राखण्यासाठीं त्याला टोपण नांव दिलेलें आहे. हें योग्यच, परंतु त्यामुळें असें होतें कीं रोग्याचें नांव वैद्यानें ठेवलेलें, त्याचे शब्द वैद्यानें निवडलेले, आणि त्याच्या भुकेचा अर्थही वैद्यानेंच लावलेला. गावंडे यांची लेखणी सहृदय आहे, तरी ती मेजाच्या एकाच बाजूला उभी आहे. भूक म्हणजे काय असा प्रश्न उपस्थित झाला कीं ते शरीरशास्त्राकडे वळतात. तें ज्ञान उद्‌बोधक आहे यांत शंका नाहीं. पण हा मनुष्य इतका खाऊं कां लागला, त्या खाण्यानें त्याच्या जिवाचें कोणतें रिकामें स्थान भरत होतें, हें त्यावरून कळत नाहीं.

मेजाच्या दुसऱ्या बाजूस जें दिसतें तें पाहण्यासाठीं रॉक्झेन गे ह्या लेखिकेचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'हंगर' हें आत्मकथन वाचावें. ह्या बाई हैती देशांतून अमेरिकेंत आलेल्या आईबापांच्या कन्या. उंची सहा फूट तीन इंच, आणि सर्वांत अधिक असतांना वजन ५७७ पौंड, म्हणजे सुमारें २६२ किलो. पुस्तकाच्या आरंभींच त्या वडिलांबरोबर फ्लॉरिडांतील एका रुग्णालयांत ह्याच शस्त्रक्रियेची माहिती घेण्यासाठीं जातात. तेथें इतर उमेदवारांसमवेत त्यांना शस्त्रक्रियेचें चलच्चित्र दाखविण्यांत येतें, खर्च सांगण्यांत येतो, पुढें जन्मभर कसें जेवावयाचें त्याचे धडे देण्यांत येतात. मग एक डॉक्टर येतो, कागदांवरून नजर फिरवितो, ह्या शस्त्रक्रियेस तुम्ही अगदीं योग्य आहांत असें सांगतो आणि निघून जातो. प्रसंग दोन-चार मिनिटांचा, पण तो वाचून आम्ही पुस्तक कांहीं वेळ मिटून ठेवलें. डॉक्टर उद्धटपणें बोलला नाहीं, चुकीचेंही बोलला नाहीं. त्यानें देह पाहिला आणि निदान केलें. त्या देहाला एक इतिहास असेल, हें विचारण्यास मात्र त्याला सवड झाली नाहीं.

तो इतिहास हेंच पुढचें पुस्तक. बाराव्या वर्षीं ह्या मुलीवर कांहीं मुलांनीं मिळून बलात्कार केला. तिनें तें घरीं कोणास सांगितलें नाहीं; ती खाऊं लागली. देह अवाढव्य झाला तर पुन्हां कोणी आपल्याकडे वांकड्या नजरेनें पाहणार नाहीं, अशी त्या पोरवयांतली समजूत. जी चरबी जगाला आळसाची आणि खादाडपणाची खूण दिसली, ती तिच्या मतें एक तटबंदी होती. आतां प्रश्न असा कीं त्या तटबंदीवर शस्त्र चालविणाऱ्या वैद्याला ती कशासाठीं उभारली होती हें ठाऊक असावें कीं नसावें? त्या दिवशीं त्या रुग्णालयांतून परत आल्या. शस्त्रक्रिया केली नाहीं.

पुस्तक येथें संपतें, पण कथा संपत नाहीं. २०१८ च्या जानेवारींत ह्याच बाईंनीं अखेर शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्या वर्षींच्या एप्रिलांत 'व्हॉट फुलनेस इज' ह्या लेखांत तें उघडपणें सांगितलें. दुसरा लेखक असता तर त्यानें पराजय झांकला असता किंवा विजयाचा डंका वाजविला असता. ह्या बाई दोन्हीं करीत नाहींत. वर्षानुवर्षें नाकारलेली गोष्ट आपण कां स्वीकारली, ती करतांना किती संकोच वाटला, आणि अन्नाचा आधार एकाएकीं सुटल्यावर स्वतःच्या मनाशीं कसें समोरासमोर यावें लागलें, हें त्या लिहितात. पोट भरणें निराळें आणि तृप्त होणें निराळें, हा त्यांच्या अनुभवाचा इत्यर्थ आहे. वैद्यकाचे आंकडेही ह्या बाबतींत त्यांच्या बाजूनें थोडी साक्ष देतात. बायपास झालेल्या रोग्यांत दुसऱ्या वर्षीं मद्याच्या व्यसनाचें प्रमाण वाढलेलें आढळतें, असें अमेरिकेंतील एका पाहणीनें २०१२ सालीं दाखवून दिलें. बायपासनंतर मद्य रक्तांत अधिक जलद उतरतें हें त्याचें एक शारीरिक कारण आहेच. पण अन्नाची वाट बंद झाली म्हणून भूक दुसऱ्या वाटेनें जात असेल काय, ही शंका मनांतून जात नाहीं.

दोषदृष्टीनें पाहतां 'हंगर' मध्यें पुनरुक्ति पुष्कळ आहे. लहान लहान प्रकरणांतून तींच दुःखें फिरून फिरून येतात, आणि रचनेचा बांधा सैल वाटतो. ही जखमच तशी आहे, ती सरळ रेषेंत बरी होत नाहीं, असें समर्थन कोणी करील. तें आम्हांस निम्मेंच पटतें. दुसरें असें कीं पुस्तकाच्या आरंभीं भेटणाऱ्या डॉक्टरास चेहरा नाहीं. गावंडे यांनीं रोग्याकडे जितकें लक्ष दिलें, तितकें लक्ष ह्या बाईंनीं वैद्याकडे दिलें असतें तर त्याची घाई ही निष्ठुरता कीं असंख्य रोगी पाहून आलेला थकवा, हें कळलें असतें. ह्या दृष्टीनें दोन्हीं पुस्तकें एकमेकांचीं पूरक आहेत. मात्र दोहोंपैकीं एकच वाचावयाचें झालें तर आम्ही 'हंगर' वाचा असें सांगूं. कारण वैद्याची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत, रोग्याच्या आंतून बोलणारे थोडे.

हे थोडे कां, ह्याचें उत्तर आपल्या मुंबईंतच मिळालें होतें. २०१७ च्या फेब्रुवारींत इजिप्तमधील एका अतिस्थूल स्त्रीला मालवाहू विमानानें मुंबईस आणून तिच्यावर हीच शस्त्रक्रिया करण्यांत आली. तिच्या वजनाचे आंकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत झळकत होते. पुढें तिची बहीण एक सांगूं लागली, डॉक्टर दुसरें. मे महिन्यांत तिला अबू धाबीस नेण्यांत आलें, आणि सप्टेंबरांत तेथें तिचा अंत झाला. कोणाचें खरें होतें ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण इतका गदारोळ वाचूनही तिच्या स्वतःच्या तोंडचें एखादें वाक्य आमच्या स्मरणांत राहिलें नाहीं. पक्षाघातानें तिची वाणी क्षीण झाली होती हें खरें. परंतु ती ठणठणीत बोलती असती तरी आम्ही ऐकलें असतें काय?

हा प्रश्न विचारण्याचें कारण घरचें आहे. आमच्या नात्यांतील एका वहिनींनीं तीन वर्षांपूर्वीं ही शस्त्रक्रिया करून घेतली. घरांत कोणास सांगितलें नाहीं. पित्ताशयाचे खडे काढले असें म्हणाल्या. पुढें एका लग्नाच्या पंक्तींत त्या दोन घांस खाऊन थांबल्या, आणि यजमानीणबाई जिलबीचें ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या. "वहिनी, एवढी एक तरी घ्याच, नाहींतर मी रागावेन." आग्रह प्रेमाचा होता. वहिनींनीं ती जिलबी घेतली, खाल्ली, आणि उठून मोरीकडे गेल्या. त्यांच्यामागें पंक्तींत कोणी हंसून म्हणालें, "वजन उतरलें, तसा नखराही आला." आम्ही तेथेंच बसलों होतों आणि कांहीं बोललों नाहीं. खरी गोष्ट त्यांनीं आम्हांस पुढें कित्येक महिन्यांनीं सांगितली. सांगतांना त्या इतकेंच म्हणाल्या कीं, आधीं खाते म्हणून हंसत होतां, आतां खात नाहीं म्हणून हंसतां.

जिभेवर ताबा ठेवावा, मिताहार करावा, ही आमची परंपरागत शिकवण वाईट नाहीं. पण तिच्यामुळें आम्हांस एक खोड जडली आहे. स्थूल देह दिसला कीं आम्ही त्यांत रोग पाहत नाहीं, दुःख पाहत नाहीं, केवळ शील पाहतों. त्यामुळें शस्त्रक्रिया करून घेणारा मनुष्य आमच्या लेखीं दोनदां अपराधी ठरतो. एकदां खाल्लें म्हणून, आणि एकदां निश्चयाऐवजीं सुरीचा आधार घेतला म्हणून. २०२१ सालीं अमेरिकेंत सेमाग्लुटाइड ह्या औषधाच्या इंजेक्शनास ह्याच कामासाठीं मान्यता मिळाली. आतां सुरीची जागा कांहीं अंशीं सुई घेऊं पाहत आहे. साधन बदललें तरी अपराधाचा हा हिशेब बदलेल असें दिसत नाहीं, कारण तो वैद्याच्या वहींत नसून आमच्या मनांत आहे.

गावंडे यांच्या निबंधानें आम्हांस हें शिकविलें कीं इच्छाशक्ति ही आम्ही समजतों तितकी स्वतंत्र वस्तु नव्हे. गे यांच्या आत्मकथनानें हें शिकविलें कीं देहाला इतिहास असतो, आणि तो वजनकाट्यावर उमटत नाहीं. मराठींत असें पुस्तक अद्यापि आमच्या पाहण्यांत नाहीं. तें कोणी शस्त्रवैद्य लिहील तर आम्ही आदरानें वाचूं; पण तें आमच्या ह्या वहिनींसारख्या कोणी लिहावें अशी आमची इच्छा आहे. तोंपर्यंत पंक्तींत कोणी दोन घांसांवर थांबलें, तर वाढणारणीनें ताट घेऊन पुढें जावें, आणि आमच्यासारख्यांनीं मागून कोणी हंसलें तर गप्प बसूं नये.