इ.स.पू. ७०१ : वगळलेली तीन वचने

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. हिज्कीयाने अपराध कबूल करून मंदिराच्या दारांवरचे सोनेही उतरवून दिले, असे २ राजे १८:१४-१६ सांगते. हीच कथा सांगणाऱ्या यशया ३६ मध्ये ही वचने नाहीत. सन्हेरीबाच्या कोरीव लेखात मात्र खंडणी आहे. चांदीचा आकडा निराळा, सोन्याचा तोच : ३० किक्कार. निनवेच्या राजवाड्यातील शिल्पांत लाखीशचे बंदिवान दिसतात. राजे-ग्रंथकाराने राजाची लाज झाकली नाही, यातच त्याच्या साक्षीचे वजन आहे, असे आम्हांस वाटते. यरुशलेमच्या सुटकेवर प्रवचन करताना ही वचने आपण वगळली, तर लाखीशच्या शोकाकुलांना आपल्या सुवार्तेत जागा कोठे उरेल?