‘ॲजाइल’ जाहीरनाम्यातील तरतमभाव

२००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञांनी सिद्ध केलेल्या ‘ॲजाइल’ जाहीरनाम्याची चारही मूल्यसूत्रे तरतमभावाने रचलेली आहेत. विस्तृत दस्तऐवजापेक्षा चालती आज्ञावली, आराखड्याच्या अनुसरणापेक्षा बदलास प्रतिसाद ती अधिक मोलाचा मानतात. गौण पक्षही मूल्यवान असल्याचे पुढील वाक्यात स्पष्ट केले आहे. व्यवसायक्षेत्रात मात्र ही तुलना पुष्कळदा निषेध म्हणून वाचली जाते. ‘पेक्षा’च्या जागी ‘ऐवजी’ येते; निर्णयाची कारणे न नोंदविताच मंडळी पुढील ‘स्प्रिंट’कडे वळतात आणि नवागतास जुना निर्णय उमगत नाही. हा दोष प्रामुख्याने वाचनाचा होय. तथापि संहिताकारही सर्वस्वी निर्दोष नव्हेत. अर्थाचा तोल सांभाळणारे वाक्य त्यांनी सूत्रांबाहेर ठेवले; आणि सूत्रे पाठ होतात, पुरवणी विसरली जाते.