कड्यावरचा लाल ठिपका

फोटो साल्हेरचा आहे, पण साल्हेरवरून काढलेला नाही. शेजारच्या सालोट्यावर बसून, लांब टेली लेन्स लावून काढलाय. आधी दिसतो तो नुसता कातळ. या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या थरांचा काळा-तपकिरी कडा आणि थराथरांच्या मध्ये वाळक्या गवताच्या पिवळ्या रेघा. वर आभाळाची बोटभर पट्टी. खाली दरी आहे, पण तिचा तळ दाखवलेला नाही. मग कड्याच्या पोटातून गेलेली आडवी वाट हळूहळू सापडते, वाटेच्या आतल्या अंगाला कोरीव गुहांची काळी तोंडं दिसतात आणि त्या तोंडांच्या रांगेत एक लाल ठिपका. तो माणूस आहे हे कळायला दोन-तीन क्षण जातात. कळलं, की कडा एकदम वाढतो.

फोटो काढणारा आमच्या सचिन जीआयडीसीतल्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाईंग मास्टर आहे. मूळचा खानदेशातल्या साक्रीकडचा. नाव छापायला त्याची सक्त ना आहे. सुरतेच्या दक्षिणेचं आमचं हे गाव तळहातासारखं सपाट. उंच म्हणाल तर मिलांच्या चिमण्या. इथे १७९१ पासून नवाबाची गादी होती, घराणं जंजिऱ्याच्या सिद्दींचं. समुद्रावर राज्य केलेल्यांना डोंगराची उणीव भासली नसावी. आम्हा खानदेश्यांना मात्र ती भासते, आणि मग शनिवारची पाळी सुटली की गाडी डांगातून बागलाणाकडे लागते. सुरतेची दुसरी लूट घेऊन १६७० मध्ये शिवाजी महाराजांची फौज बागलाणातूनच परतली होती. दीड वर्षाने, १६७२ मध्ये, साल्हेरच्या पायथ्याला मोगलांशी उघड्या मैदानावरची मोठी लढाई झाली. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातला सर्वांत उंच.

इतकी माहिती फोटोत कुठेच नाही, आणि ती नसल्याने काही अडतही नाही. फोटोला एवढंच सांगायचंय, की कडा केवढा आहे आणि त्यावर माणूस काय करतोय.

माणूस कुठे ठेवलाय ते बघा. तो चौकटीच्या डावीकडे आहे आणि उजवीकडे निघालाय. पुढची सगळी वाट मोकळी. शेवटी, वरच्या कोपऱ्याजवळ, दरवाजाची कमान जेमतेम ओळखू येते. म्हणजे चाललेलं थोडं, चालायचं बरंच. पाहणाऱ्याचा डोळा ती उरलेली वाट त्याच्या आधी चालून येतो. हाच माणूस कमानीत पोचल्यावर बटण दाबलं असतं, तर चढाई तिथेच संपली असती, आणि फोटोही. मोठ्या प्रिंटमध्ये आणखी एक गोष्ट दिसते: त्याचा पुढचा गुडघा वाकलेला आहे, धड किंचित कड्याकडे कललंय आणि एक हात कातळाला टेकलाय. उजेड तिरपा असल्याने त्याची सावली गुहेच्या उंबऱ्यावर मोडून पडलीय. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही. त्याला कॅमेरा कुठे आहे हे ठाऊकही नसावं. त्याचं सगळं लक्ष पुढच्या पावलावर आहे, आणि म्हणून आपलंही.

लाल रंगाची गोष्ट जरा वेगळी. पन्नासच्या दशकात ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या छायाचित्रकारांना लाल शर्टाचं इतकं वेड होतं, की त्यावरून त्यांची टिंगल होई. कोडाक्रोम फिल्मवर लाल रंग खुलायचा आणि छपाईतही टिकायचा. त्यामुळे लाल जाकीट म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. पण रोज कापड रंगवणाऱ्या माणसाने निवडलेला हा लाल भडक नाही, विटक्या कुंकवाचा आहे. पिवळ्या गवतावर तो उठून दिसतो आणि काळ्या कातळावर ओरडत नाही. श्रावणात, सगळा डोंगर पोपटी असताना, हाच शर्ट डोळ्यांत खुपला असता. तेव्हा पांढरा सदरा नि टोपी घातलेला पायथ्याच्या वाघांब्याचा एखादा गावकरी चालेल, आणि तो आमच्यापेक्षा झपझप चढेल हेही फोटोत दिसेल.

टेली लेन्सचा इथे एक उपकार आहे. मोबाईलच्या वाइड लेन्सने जवळून काढलं, की तीन फुटांवरचा मित्र धिप्पाड होतो आणि मागचा सुळका मुळ्याएवढा. दूर जाऊन काढलं, की माणूस आणि कडा जवळपास सारख्याच अंतरावर येतात आणि दोघांचं खरं माप एकमेकांशेजारी उभं राहतं. सालोट्याची घसाऱ्याची वाट चढून जाण्याचे कष्ट केवळ त्या मापासाठी.

आता प्रामाणिकपणाचा मुद्दा. सह्याद्रीच्या फोटोत लबाडी पकडायची एक हुकमी खूण आहे. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेले. ते थर मैलोन्‌मैल जवळजवळ आडवे जातात. उतार जास्त खडा दिसावा म्हणून कुणी कॅमेरा तिरका धरला, तर थर लगेच कलतात आणि चोरी उघडी पडते. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या मुळातच छाती दडपणाऱ्या आहेत, तरी त्यांचे तिरके केलेले फोटो पैशाला पासरी मिळतात. मागच्या डोंगराचे पट्टे उतरंडीला लागलेले दिसले, की तो फोटो मी पुढे बघत नाही. साल्हेरच्या या फोटोत सगळे थर पाण्याच्या पातळीसारखे सरळ आहेत. वाट अवघड वाटते ती वाटेच्या अवघडपणामुळेच.

सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे साल्हेरचे फोटो मात्र असे नसतात. माथ्यावरच्या परशुरामाच्या देवळापाशी हात पसरून, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस. ही पोझ दोनशे वर्षं जुनी आहे. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराने १८१८ च्या सुमारास धुक्याच्या समुद्राकडे बघणारा एक पाठमोरा प्रवासी रंगवला. तो आज हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. पण फ्रीडरिशचा प्रवासी हात पसरत नाही. काठी टेकून गप्प उभा असतो. आपण पाठ तेवढी घेतली, गप्प राहणं सोडून दिलं.

आणि माथ्यावरच्या फोटोंचा बाप, तेनसिंगचा. २९ मे १९५३, एव्हरेस्टचा माथा, कॅमेरा हिलरीच्या हातात. आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकापासून हा फोटो इतक्यांदा पाहिलाय, की नीट कधीच पाहिलेला नाही. त्यात डोंगर जवळपास नाहीच. पायाखाली बर्फाचा एक तुकडा आणि बाकी गडद निळं आकाश. तेनसिंगचा चेहराही दिसत नाही. त्यावर ऑक्सिजनचा मुखवटा. उंचावलेल्या बर्फकुऱ्हाडीला संयुक्त राष्ट्रं, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांचे झेंडे. एव्हरेस्ट आहे हे फोटो सांगत नाही, आपल्याला आधीच माहीत असतं. म्हणूनच हिलरीने तिथून खाली उतरणाऱ्या धारांचेही फोटो घेतले. पोचल्याचा पुरावा तेच. हिलरीचा स्वतःचा माथ्यावरचा फोटो नाहीच. इतिहास म्हणून या फोटोला तोड नाही. डोंगराचा फोटो म्हणून मी त्याला पहिला नंबर देणार नाही. आदल्या दिवशी, २८ मेला, त्याच मोहिमेतल्या आल्फ्रेड ग्रेगरीने शेवटच्या तळाकडे ओझी वाहत चाललेल्या या दोघांना टिपलं, तो मला कितीतरी जवळचा वाटतो. तिथे माथा अजून मिळायचा आहे.

माणूस लहान ठेवायची हिंमत सगळ्यांत असते असं नाही. इटलीचा छायाचित्रकार व्हित्तोरियो सेला याच्याकडे ती होती. १९०९ मध्ये के-टूच्या मोहिमेबरोबर तो बाल्टोरो हिमनदीवर गेला. त्याच्या फोटोंत बर्फाच्या भेगांमधून जाणारी माणसं मुंग्यांहून बारीक असतात, तरी प्रत्येकाची चाल ओळखू येते. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचा संचालक ब्रॅडफर्ड वॉशबर्न याचा १९६० चा स्वित्झर्लंडमधल्या डॉल्डेनहॉर्नचा फोटो विमानातून घेतलेला. वादळानंतरची स्वच्छ बर्फाळ धार आणि तिच्यावर गिर्यारोहकांची बारीक रांग. माणसं काढून टाका, धारेचा नुसता सुंदर आकार उरेल. माणसं ठेवली, की पोटात गोळा येतो. त्याआधी, १८६६ मध्ये, ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न काचेच्या प्लेटा आणि रसायनं हमालांच्या पाठीवर लादून हिमालयातल्या मणिरंगच्या खिंडीपर्यंत चढला होता. त्या हमालांशिवाय त्याचा एकही फोटो झाला नसता, एवढं लक्षात ठेवून त्याची चित्रं बघावीत.

आमच्या मास्टरच्या फोटोशी माझं एकच भांडण आहे, ते आभाळाच्या पट्टीवरून. मला वाटतं ती कापावी. कडा वर कुठे संपतो ते कळूच नये. त्याने एका वाक्यात मला गप्प केलं: ‘‘भाऊ, पट्टी काढली तर लोक याला दगडाची खाण समजतील.’’ मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही. पण त्याची दुसरी एक गोष्ट निर्विवाद पटते. त्याने समोरच्या वाटेवरच्या त्या मित्राला एकदाही ‘‘जरा मागे जाऊन परत ये’’ म्हटलं नाही. त्या वाटेला एका बाजूला गुहा आहेत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे फोटोसाठी मागे-पुढे नाचवणं म्हणजे जिवाशी खेळ. तो माणूस आपल्या चालीने चालला, यानं वाट पाहिली.

हा फोटो मोबाईलवर पाहू नका. सहा इंची पडद्यावर लाल ठिपका दिसतच नाही, आणि तो दिसला नाही तर उरतो तो नुसता दगड. बारा बाय अठराची प्रिंट काढून भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर लावा. आणि साल्हेरला जाणाऱ्या ग्रुपांना एक विनंती: आपल्यापैकी एकाने तरी त्या दिवशी साल्हेर चढू नये. त्याने एका सोबत्याला घेऊन सालोट्यावर जाऊन बसावं, पाणी जरा जास्त न्यावं, आणि बाकीचे आडव्या वाटेवर येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नये.