छेडलेल्या तारांवरचे गाणे

बाखच्या एफ मायनर कॉन्चेर्तोमधला लार्गो हा संथ भाग सुरू होतो तेव्हा वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक गज बाजूला ठेवतात आणि बोटांनी तारा छेडू लागतात. उमटताच विरून जाणारे, विरळ, कोरडे असे ते नाद; आणि त्यांच्यावरून पियानोचा उजवा हात एक सुरावट अलगद चालवत नेतो. सगळा मामला जेमतेम तीन मिनिटांचा. पण बरोक काळातले कीबोर्ड कॉन्चेर्तो आजच्या पियानोवर ऐकायचे असतील, तर आपण पहिल्यांदा कान टेकवावा तो इथेच, या छेडलेल्या तारांवर.

हे कॉन्चेर्तो बाखने हार्पसिकॉर्डसाठी लिहिले. त्या वाद्याची कळ दाबली की आतली बारीक नखी तार छेडते. बोट हलके पडो वा भारी, नादाचे वजन जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे हार्पसिकॉर्डवरच्या लार्गोत साथीच्या तारा छेडलेल्या आणि मुख्य सुरावटीच्या ताराही छेडलेल्या, अशी एकाच कुळातली दोन माणसे बोलत असतात. त्याची गोडी आहेच. पियानोत मात्र नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर पडते आणि बोटाचा भार जसा असेल तसा सूर उमटतो. त्याबरोबर सारे नाते पालटते. छेडलेल्या तारा मागे सरकून तंबोऱ्याची जागा घेतात, आणि त्यांच्यापुढे गाणारा एकटा उरतो. स्वरलिपीतले एक चिन्हही न बदलता केवळ वाद्य बदलल्याने साथ आणि गाणे यांच्यात हे मोकळे अंतर निर्माण होते, आणि त्या अंतरातच मला या पियानोवरच्या बाखचे सगळे सुख साठलेले वाटते.

पियानोने बाखला ताकद दिली, भरदारपणा दिला, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला उलट वाटते. त्याने दिला तो हळुवारपणा. 88 कळांचे, लोखंडी चौकटीचे, हजारो श्रोत्यांच्या सभागृहाला पुरून उरणारे हे धूड. पण बाख वाजवताना त्याच्या दोन्ही टोकांच्या कळांना हातसुद्धा लागत नाही, आणि मधल्या पट्टीतही वादक आपले अर्धेअधिक बळ राखूनच बसतो. मरे पेराया यांनी अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स या वाद्यवृंदासह केलेले ध्वनिमुद्रण लावावे आणि लार्गोतल्या एखाद्या लांब स्वराकडेच लक्ष द्यावे. तो स्वर किती खाली उतरू द्यायचा, पुढचा स्वर नेमका कोणत्या बळाने त्याच्या शेपटाला जोडायचा, याचा हिशेब क्षणोक्षणी चालू असतो. आधीचा सूर मावळत जेवढा उरला असेल, तेवढ्याच वजनाने पुढचा सूर आला, तर मधली फट कानाला जाणवत नाही. दोन सुटे ठोके असतात, पण आपल्याला ऐकू येते ती मींड.

मराठी कानाला ही किमया परकी नाही. संगीत नाटकांच्या पायपेटीने आणि गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखालच्या पेटीने आपल्या आधीच्या पिढ्यांना हेच दाखवले होते, की कळांच्या मधल्या श्रुती वाद्यात नसल्या तरी वादकाच्या मनात असाव्या लागतात. फरक इतकाच, की पेटीचा सूर भात्याच्या श्वासावर टिकून राहतो. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून मावळू लागतो. म्हणून पियानोवरचे गाणे हे सतत मावळतीला सावरत नेलेले गाणे असते.

याच सुरावटीचे दुसरे रूप बाखच्या 156 क्रमांकाच्या कॅन्टाटाच्या आरंभी आहे. तिथे ती ओबो गातो, आणि ओबोच्या पाठीशी फुंक असल्यामुळे लांब स्वर साधे, सरळ ठेवलेले आहेत. कळफलकासाठी लिहिताना बाखने त्याच स्वरांभोवती बारीक हरकती, मुरक्या, छोट्या ताना गुंफल्या. टिकू न शकणारा स्वर त्याने नक्षीने जागता ठेवला. आपल्याकडे ही नक्षी त्या त्या मैफलीत गवयाच्या गळ्यात उगवते. इथे ती रचनाकाराने एकेक करून कागदावर उतरवली आहे, आणि चांगला वादक ती अशी वाजवतो की आत्ताच सुचली असावी. मग ही सगळी शांतता अखेरीस विसाव्याला येत नाहीच! शेवटचा स्वरसमूह मूळ एफ मायनरच्या पंचमावर अधांतरी थांबतो, आणि तेवढ्यात तीन मात्रांचा वेगवान प्रेस्तो आपल्याला उचलून घेऊन जातो.

लार्गो मुरला की डी मायनरच्या कॉन्चेर्तोकडे वळावे. त्याच्या पहिल्या भागातली वीज कोणालाही पकडते, तिच्याविषयी फार सांगायला नको. एकच स्वर पुन्हा पुन्हा ठोकत त्याच्याभोवती दुसरे स्वर नाचवण्याची त्यातली युक्ती मूळची व्हायोलिनची, आणि हा कॉन्चेर्तो एखाद्या हरवलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्तोवरून बेतलेला असावा, असे अभ्यासक मानतात ते बऱ्याच अंशी तिच्यामुळेच. मी रेंगाळते ती मधल्या अडाजोत. सगळ्या तारा एका सुरात, कसलाही साज न लेता, एक जड, पायऱ्या चढत-उतरत जाणारी ओळ वाजवतात. मग ती ओळ खाली खर्जात राहून फिरतच राहते आणि वर पियानो आपले दुःख उलगडत जातो. अष्टागरात, इथे नागावला, ज्यांनी वाडीतला रहाट चालताना ऐकला आहे त्यांना ही चाल लगेच ओळखीची वाटेल: चाक तेच, माळ तीच, पण वर येणारे प्रत्येक गाडगे नवे पाणी घेऊन येते. तबल्याच्या साथीतला लेहरा आपल्या परिचयाचा असतो, पण लेहऱ्याचा षड्ज हलत नाही. बाखची ओळ मात्र फिरता फिरता आपला षड्जच बदलते, आणि तीच स्वरांची ठेवण क्षणभर उजळून पुन्हा काळवंडते. पियानोचा डावा हात हा बदल नुसत्या भाराने सुचवू शकतो, एक छटा गडद, एक छटा फिकी. हार्पसिकॉर्डला हे सांगायला दुसरे मार्ग शोधावे लागतात.

या रचनांची बाखच्या हातची प्रत 1738 च्या सुमाराची. त्याच सुमारास इथून दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर, चौल-रेवदंड्यात पोर्तुगीज सत्तेची अखेर जवळ आली होती. 1740 मध्ये रेवदंड्याचा कोट मराठ्यांकडे आला. त्या दिवसांत लाइपझिगमध्ये बाखचे संगीतमंडळ झिमरमानच्या कॉफीगृहात जमत असे आणि उन्हाळ्यात वेशीबाहेरच्या त्याच्या बागेत. हे वाचल्यापासून वाडीत, सुपारीच्या सावलीत, ओटीवर हे कॉन्चेर्तो लावायला मला अधिकच आवडते. खऱ्या पियानोला ही दमट हवा मानवत नाही, लाकूड फुगते आणि सूर ढळतात. तेव्हा नागावला तो येतो ध्वनिमुद्रणातूनच. बागेत वाजण्याचा या कॉन्चेर्तोंचा हक्क मात्र जुना आहे.

ग्लेन गूल्ड यांनी लेनर्ड बर्नस्टाइन यांच्यासह 1957 मध्ये ध्वनिमुद्रित केलेला डी मायनर ऐकला, तर त्यांचा पियानो जवळजवळ हार्पसिकॉर्डसारखाच खणखणीत, सुटासुटा बोलतो. पेराया यांचा गातो. निवड करायची गरज नाही. ज्यांनी यातले काहीच ऐकलेले नाही त्यांनी ओबोचा तो कॅन्टाटा आधी ऐकावा, मग हार्पसिकॉर्डवरचा लार्गो, मग पियानोवरचा. आणि तिसऱ्या खेपेला उजव्या हाताचे गाणे बाजूला ठेवून फक्त छेडलेल्या तारांवर लक्ष द्यावे. त्या किती कमी वाजतात, हे तेव्हा कळते.