रंग उतरल्यानंतर

दिवाळी सरली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्रीचा धयकालो आलाच. पुण्यामुंबईकडे ज्याला दशावतार म्हणतात त्याला आमच्याकडे धयकालो म्हणायची रीत आहे. लहानपणी मी देवळामागच्या पडवीत जाऊन रंग लावणारी मंडळी पाहत बसे. पेटाऱ्यावर बसून, तळहाताएवढा आरसा समोर धरून स्वतःच्या हाताने चेहरा रंगविणारा एखादा गृहस्थ तासाभरात तारामती होऊन उठे. लिहिलेली संहिता नाही, नेपथ्य नाही, सिंहासन म्हणजे एक लाकडी बाक. तरी तो बोलू लागला की पुढे बसलेल्या बायका पदराने डोळे पुसत. पहाटे दह्याची हंडी फुटली की तोच गृहस्थ विहिरीवर तोंड धुऊन, लेंगा चढवून, चहाची वाट पाहत उभा दिसे. त्या धुतलेल्या चेहऱ्याकडे पाहताना मला उगीचच चुकल्यासारखे होई.

या रूपांतराचे कौतुक करण्यात आपण मराठी माणसांनी हात कधी आखडता घेतलेला नाही. बालगंधर्वांच्या नेसण्याचे आणि केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, हे आपण अभिमानाने सांगतो. आमच्याकडे ओमप्रकाश चव्हाणांची स्त्रीभूमिका आहे म्हटले की दूरदूरच्या वाड्यांवरून लोक येतात. मात्र या कौतुकात एक अट गृहीत असते. पहाटे रंग उतरला पाहिजे. नटाला ही अट जाचत नाही. ती त्याची कला आहे, आणि नटाची कला व माणसाचे असणे यांची गल्लत कोणी करू नये. पण जन्मतः जिला मुलगा म्हटले आणि जिला आपण मुलगी आहोत हे आतून ठाऊक आहे, तिच्याविषयी बोलायची वेळ आली की आपली रसिकता एकदम मुकी होते. मला हे उशिरा कळले, कारण प्रश्न माझ्याच घरात आला.

माझी एक भाची पुण्यास नोकरीला आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन वर्षे औषधे घेत आहे. चतुर्थीला घरी आली तेव्हा तिने सांगितले, की बँकॉकला जाऊन चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे मनात आहे. कपाळाचे हाड, जबडा, गळ्याचा उंचवटा. ‘एस.टी.त बसल्यावर लोक बघतात तो चेहरा,’ ती म्हणाली. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकविलेला माणूस. शस्त्रक्रियेतले मला काय कळणार? तिने विचारलेही नाही. तिने विचारले ते असे: “मामानू, ह्या विषयावर कोणी बरा लिवला आसा काय?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी बांधलेला होतो. म्हणून आम्ही दोघांनी मिळून काही पुस्तके वाचली.

पहिले पुस्तक जॅन मॉरिस यांचे, ‘कॉनन्ड्रम’, 1974 सालचे. हे लेखक म्हणजे 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले ‘टाइम्स’चे बातमीदार जेम्स मॉरिस. शिखर सर झाल्याची बातमी राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी लंडनमध्ये छापून आली ती त्यांच्यामुळे. 1972 साली ते मोरोक्कोतील कासाब्लांका शहरी गेले आणि डॉक्टर जॉर्ज बुरू यांच्याकडून शस्त्रक्रिया करवून जॅन म्हणून परतले. इंग्लंडातील डॉक्टरांची अट होती, की आधी पत्नीशी घटस्फोट घ्या. तो त्यांना घ्यायचा नव्हता, म्हणून परदेश. भाषा अशी नितळ, की पानापानावर थांबावेसे वाटते. शस्त्रक्रियेच्या आधी आरशासमोर उभे राहून जुन्या स्वतःचा निरोप घेण्याचा प्रसंग तर एखाद्या उत्तम कादंबरीकारालाही सहज साधला नसता. तरी माझी एक तक्रार आहे. मॉरिस हाडाच्या प्रवासवर्णनकार. इस्पितळाच्या खाटेवरही त्यांचा कान रस्त्यावरच्या वाद्याकडे लागलेला. शहराची जादू दुखण्यावर पसरते आणि वाचकाला वाटू लागते, की हे एक तीर्थाटनच आहे. भाचीने पुस्तक मिटून म्हटले, “बरा आसा. पण हयसर खर्चाचो वास येणा नाय.” माझ्या अर्ध्या पानाच्या टिपणापेक्षा ही समीक्षा मला अधिक नेमकी वाटली.

खर्चाचा वास हवा असेल तर ए. रेवती यांच्याकडे गेले पाहिजे. तमिळनाडूतल्या या लेखिकेचे आत्मकथन व्ही. गीता यांच्या इंग्रजी अनुवादात 2010 साली प्रसिद्ध झाले. हिची शस्त्रक्रिया दिंडिगलला. परदेश नाही, आरसा नाही, वाद्य नाही. आहे ते दुखणे, आडोसा नसलेली लाज, आणि नंतर जमातीच्या रिवाजाप्रमाणे चाळीस दिवसांचे पथ्य. रेवतीची वाक्ये ठेंगणी आहेत, एका मागून एक पाय टाकत जातात. सजावट करायला तिला उसंतच नाही. कलेच्या मोजमापाने मॉरिस वरचढ, यात संशय नाही. पण शस्त्रक्रियेनंतरचा दहावा दिवस कसा असतो, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे, त्याने रेवतीला वाचावे. या विषयावरच्या लेखनाची मी एकच कसोटी धरू लागलो आहे: लेखक खाटेवरून उठल्यानंतर किती पाने लिहितो? पुष्कळ पुस्तके शुद्ध हरपते तिथेच नवा जन्म झाल्याचे जाहीर करून थांबतात. वृत्तपत्रे तर 1952 साली क्रिस्टीन जॉर्गेन्सन कोपनहेगनहून बातमीत आली तेव्हापासून ‘कालचा सैनिक, आजची सुंदरी’ याच चमत्कारावर जगत आली आहेत.

मराठीत काय आहे? लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे 2012 सालचे पुस्तक, शब्दांकन वैशाली रोडे यांचे. पुस्तक बोलके आहे, कधीकधी गरजेपेक्षा अधिक. सभासंमेलनांचे वृत्तान्त वाचताना पाने भराभर उलटली जातात. पण ठाण्याचे घर आले, आईवडील आले, की लेखन एकदम जमिनीवर येते. घरच्यांनी लक्ष्मीला बाहेर काढले नाही, ही साधी गोष्ट त्या पुस्तकाचे खरे बळ आहे. मॉरिसकडे पत्नी आहे, रेवतीकडे गुरू आहे, लक्ष्मीकडे बापाचे घर आहे. माझ्या बहिणीने हे पुस्तक चुलीपाशी बसून वाचले. वर मान न करता वाचले.

खरे सांगायचे तर या विषयावरचा अस्सल मराठी वाङ्मयप्रकार मला वेगळाच वाटतो, तो म्हणजे रजेचा अर्ज. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांनी 2017 साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर शासनाची परवानगी मिळून 2018 च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांची शारीरिक स्थिती माझ्या भाचीहून निराळी. पण ‘सविनय सादर’ने सुरू होणाऱ्या कागदात माणसाला आपले अवघे आयुष्य मांडावे लागते, याचे मला राहून राहून नवल वाटते.

मग भाचीने बँकॉक तरी का निवडावे? मुंबईतही शल्यचिकित्सक आहेत, हे मी तिला विचारलेच. तिने एक वही पुढे केली. शंभर पानी, शाळकरी. डाव्या पानावर थायलंड, उजव्यावर मुंबई. तिकडे हे काम 1975 पासून चालले आहे, त्यामुळे हात बसलेले. युरोप-अमेरिकेच्या मानाने दर कमी. 2009 पासून तिथल्या वैद्यक परिषदेच्या नियमाने लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाचे मत लागते. हे त्या नियमाचे पान तिने लाल शाईने चौकटीत घातले होते, आणि मला ते आवडले. त्याखाली पत्रकात कधीच न छापले जाणारे आकडे: सोबतीचे तिकीट, खोलीचे भाडे, बिनपगारी रजा. सूज पुरी उतरायला वर्षही लागते, तोवर परिणाम ठरवू नये. घासलेले हाड परत येत नाही. लांबच्या विमानप्रवासात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून लगेच परतायचे नाही. आणि गावी आल्यावर जखम चिघळली तर ओरोसच्या डॉक्टरांना काय दाखवायचे? पुढे प्रश्नचिन्ह. मी मास्तराच्या सवयीने ऱ्हस्वदीर्घ सुधारू लागलो आणि मध्येच पेन्सिल खाली ठेवली. वर सांगितलेल्या कसोटीला ही वही पूर्ण उतरते. शस्त्रक्रिया तिच्यात तिसऱ्याच पानावर आटोपते, आणि उरलेली सगळी पाने नंतरच्या दिवसांची आहेत.

माझी बहीण फार बोलत नाही. पुस्तक वाचून झाल्यावर चार दिवसांनी तिने एवढेच विचारले: “थंय तेका पेज कोण करून घालतला?” आमच्या मालवणीत चेडू नपुंसकलिंगी. त्यामुळे मुलगा असो की वयात आलेली मुलगी, दोघांनाही ‘तेका’च चालते. तीस वर्षे व्याकरण शिकवून ही सोय माझ्या लक्षात आली नव्हती. बहिणीने ती कधीपासून वापरायला सुरुवात केली होती कोण जाणे.

वहीत ‘सोबत’ या शब्दापुढची जागा चतुर्थीपासून कोरी होती. दसऱ्याला पाहिले तो तिथे बहिणीचे नाव, चौथीपर्यंतच्या शाळेच्या वळणदार अक्षरात. भाचीने निर्णय अजून घेतलेला नाही. मुंबईच्या एका डॉक्टरांना एकदा भेटून मग ठरवीन म्हणते. बहिणीने मात्र पासपोर्टचा अर्ज करून टाकला आहे, आणि विमानातून उकडे तांदूळ नेऊ देतात की नाही, ते मला विचारून ठेवायला सांगितले आहे.