लोरेटा यंग : दाराअलीकडे आणि दारापलीकडे

लोरेटा यंग (१९१३-२०००) म्हटले की जुन्या अमेरिकन प्रेक्षकांना एक दार आठवते. १९५३ ते १९६१ या काळात तिच्या नावाची मालिका तेथील दूरचित्रवाणीवर चालली. प्रारंभी दार उघडून, घोळदार पोशाखाची गिरकी घेत ती आत येई. या मालिकेने तिला तीन एमी पारितोषिके मिळवून दिली. 'द फार्मर्स डॉटर'साठीचे (१९४७) ऑस्कर त्याआधीच तिच्या पदरी पडले होते.

आपल्या वाचकांना ती जवळची वाटावी 'कम टू द स्टेबल'मुळे (१९४९). फ्रान्सहून कनेटिकटमधील बेथलेहेम गावी बालरुग्णालय उभारण्यासाठी आलेली सिस्टर मार्गारेट तिने साकारली आहे. ही धर्मभगिनी कोणापुढे काकुळतीला येत नाही. आपली मागणी मान्य होणारच, अशा सहजतेने ती मागते. चित्रपट गोडगोड आहे, हे मान्य. अभिनय तसा नाही.

परंतु हा चित्रपट पुढे मला स्वस्थपणे पाहता येईना. १९३५ साली 'द कॉल ऑफ द वाइल्ड'च्या चित्रीकरणानंतर तिला विवाहित क्लार्क गेबलपासून दिवस गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जन्मलेली ज्युडी काही काळ अनाथाश्रमात राहिली आणि १९३७ मध्ये 'दत्तक कन्या' म्हणून आईच्या घरी परतली. बापासारखे मोठे कान ओळखू येऊ नयेत म्हणून ते टोपीखाली झाकले जात. सातव्या वर्षी त्यांवर शस्त्रक्रिया झाली. ज्युडीने १९९४ साली आत्मकथन लिहून सारे उघड केले. आईची जाहीर कबुली मात्र तिच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या चरित्रातूनच आली.

पडद्यावर धर्मभगिनी आणि घरात हे असत्य! 'दांभिक' हा शब्द माझ्याही ओठांवर आला होता. मग २०१५ मध्ये तिच्या सुनेने सांगितले की, परिचित पुरुषाकडून होणारा बलात्कार म्हणजे काय हे उतारवयात समजल्यावर, आपल्या बाबतीत तेच घडले होते, असे लोरेटा म्हणाली होती. गेबल १९६० सालीच निवर्तला होता. त्याची बाजू ऐकणे शक्य नाही. तरीही माझा तो शब्द मी मागे घेतला आहे.

आणखी एक गोष्ट धर्मगुरू म्हणून मला सांगितलीच पाहिजे. १९३४ पासून हॉलिवुडवर जी नीतिसंहिता कठोरपणे लादली गेली, तिच्या १९३० मधील मसुद्याचे एक शिल्पकार येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड होते. अविवाहित मातेला त्या वातावरणात मूल गमवावे लागे किंवा काम. लोरेटाने दोन्ही राखले, किंमत ज्युडीने मोजली. त्या किमतीचा हिशेब आईच्या बाजूने मांडणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुलीचे पुस्तक वाचल्यावर तसे होताही येत नाही.

अभिनेत्री म्हणून तिचे खरे मोठेपण पाहायचे असेल, तर फ्रँक बोर्झेगी दिग्दर्शित 'मॅन्स कॅसल' (१९३३) पाहावा. महामंदीतील झोपडवस्तीत राहणारी, लग्नाआधीच गरोदर झालेली ट्रिना तिने वीस वर्षांची असताना रंगवली. तिचा बिल (स्पेन्सर ट्रेसी) पळून जाण्याच्या बेतात असतो. ट्रिना त्याला अडवत नाही, रडून बांधूनही ठेवत नाही. नुसती त्याच्याकडे पाहत राहते. १९३८ साली हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना त्याला कात्री लावण्यात आली आणि त्यातील विवाहाचा प्रसंग उचलून आधी ठेवण्यात आला. तेव्हा ज्युडी अडीच-तीन वर्षांची होती.