बीदरचा महमूद गवान मदरसा : अलंकरणापलीकडील वास्तुविचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या बीदर येथे बहमनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गवान याने इ. स. १४७२ मध्ये मदरसा उभारला. मराठी वाचकास गवान परिचित आहे तो कोकणच्या मोहिमेत खेळणा व संगमेश्वर घेणारा सेनानी आणि चार तरफांच्या आठ तरफा करणारा प्रशासक म्हणून. त्याच्या मदरशाची नोंद मात्र बहुधा ‘इराणी शैलीचा नमुना’ या विशेषणावर संपते. हे विशेषण चुकीचे नसले तरी अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वास्तूचे स्वरूप

गवान मूळचा इराणमधील गिलान प्रांताचा. चौरस प्रांगण, त्याच्या चारही बाजूंच्या मध्यभागी उंच कमानी आणि दर्शनी भागावरील रंगीत चकचकीत फरशा यांचे मूळ इराण व मध्य आशियातील मदरशांत सापडते. परंतु सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद असलेल्या या तीन मजली इमारतीत मशीद, ग्रंथालय, व्याख्यानाची दालने, अध्यापकांची निवासस्थाने आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या एकाच आराखड्यात गुंफलेल्या आहेत. दालने बाजूंच्या मध्यभागी, तर निवासाच्या खोल्या त्यांच्या दोन्ही अंगांना. अध्ययन व निवास यांत अंतर न ठेवणारा शैक्षणिक विचारच येथे दगड-चुन्यात साकार झाला आहे.

मूल्यमापन

अलंकरण ही या वास्तूची सर्वांत दुर्बळ बाजू ठरली. ऊन-पावसात बहुतेक फरशा गळून पडल्या. भिंती मात्र टिकल्या. तरीही स्तुती होते ती फरशांचीच. मोठी हानी तर निसर्गाने केलेली नाही. गवानास १४८१ मध्ये देहदंड झाला. १६५७ मध्ये बीदर औरंगजेबाच्या ताब्यात आले आणि पुढे या विद्यालयात सैन्य व दारूगोळा ठेवण्यात आला. १६९५–९६ मधील स्फोटात प्रवेशद्वार, दर्शनी भागाचा दक्षिणेकडील अंश आणि दोन मिनारांपैकी एक नष्ट झाला. इमारतीकडे शाळा म्हणून पाहणे थांबले, तेव्हाच तिचा ऱ्हास सुरू झाला.

निष्कर्ष

२०१४ मध्ये दक्खनच्या सल्तनतींची स्मारके युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. त्यांत बीदरचाही अंतर्भाव आहे. अशा वेळी उरलेल्या मिनाराची नक्षी जपणे आवश्यकच आहे. परंतु खोल्या, दालने व ग्रंथालय यांचा परस्परसंबंध अभ्यासून तो पाहणाऱ्यास उलगडून दाखविणे, हेही जतनाचेच अंग मानावयास हवे. अध्यापकवर्गाने ही वास्तू स्वतःच्या व्यवसायाचा पूर्वेतिहास म्हणून वाचली, तरच तिचे न्याय्य मूल्यमापन होईल.